करडई : महाराष्ट्रातील लागवडीचा इतिहास

(हिं. कुसुम, गु. कसुंबो; क. कुसुबे, सं. कुसुंभ, लॅ. कार्थॅमस टिंक्टोरियस, कुल – कंपॉझिटी म्हणजे सूर्यफूल कुल). दख्खनच्या पठारावरील काळ्या जमिनीत रब्बी हंगामात येणारे, पिवळ्या फुलांचे व काटेरी पानांचे हे एक तेलबियांचे पीक आहे. सूर्यफूल, कारळा, झेंडू व शेवंती ह्या परिचित वनस्पती ह्याच कुलातील होत. करडईची लागवड प्रथम मुख्यतः फुलांतील रंगद्रव्यासाठी होत असे. पुढे तो उपयोग मागे पडून बियांतील तेलाला महत्त्व आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात करडईच्या क्षेत्रात व उत्पादनात महाराष्ट्र हे भारतातील अग्रेसर राज्य होते आणि भारताची गणना जगातील प्रमुख उत्पादक देशांत होत होती. त्यानंतरच्या तीन-चार दशकांत मात्र हे क्षेत्र झपाट्याने आक्रसले. ज्या जमिनीत व ज्या हवामानात करडई वाढते, त्यांत ह्या काळात मूलभूत फरक पडलेला नाही. पिकाच्या उत्कर्षाची व अपकर्षाची कारणे शेताच्या बांधाबाहेर, म्हणजे बाजारपेठ, मजुरी व शासकीय धोरण यांत शोधावी लागतात. ह्या दृष्टीने करडईचा इतिहास हा कोरडवाहू शेतीच्याच इतिहासाचा एक भाग ठरतो.

वनस्पतिवर्णन : करडई ही वर्षायू ओषधी असून तिची उंची सामान्यतः ३० ते १५० सेंमी. असते. सोटमूळ सरळ खाली जाते. खोल जमिनीत ते दोन मीटरांहूनही अधिक खोलीपर्यंत पोहोचते. उगवणीनंतर सुमारे महिनाभर रोपाची पाने जमिनीलगत गुच्छाच्या रूपात राहतात. ह्या अवस्थेत ती कोवळी व बिनकाटेरी असून त्यांची पालेभाजी करतात. त्यानंतर खोड वर येते, त्याला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंड धरते. बोंड म्हणजे एकच फूल नसून अनेक लहान पुष्पकांचा समूह, अर्थात स्तबक होय. त्याभोवतीची छदे व वरची पाने बहुतेक प्रकारांत तीक्ष्ण काट्यांची असतात. फुले उमलताना पिवळी असतात आणि कोमेजताना नारिंगी व तांबूस होतात. फळ शुष्क, एकबीजी, पांढरे व कठीण सालीचे असते. व्यवहारात त्यालाच बी म्हणतात. जुन्या वाणांच्या बियांत तेलाचे प्रमाण सामान्यतः २८ ते ३२ टक्के असे. परागण बहुतांशी स्वपरागणाने होत असले, तरी मधमाश्यांमुळे परपरागणही घडते.

उगम व प्रसार : करडईच्या उगमस्थानाविषयी मतभेद होते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ एन. आय. व्हाव्हिलॉव्ह यांनी भारत, अफगाणिस्तान व इथिओपिया ही तिची वेगवेगळी केंद्रे मानली होती. तिच्या जवळच्या रानटी जाती पश्चिम आशियात आढळतात. त्यावरून तिची लागवड त्या प्रदेशात प्रथम सुरू झाली असावी, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. प्राचीन ईजिप्तमध्ये करडईच्या फुलांनी वस्त्रे रंगवीत व तिची फुले माळांत गुंफीत. वनस्पतीच्या लॅटिन नावातील ‘कार्थॅमस’ हा शब्द अरबी भाषेतील ‘कुर्तुम’ ह्या नावावरून आला असून ‘टिंक्टोरियस’ ह्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘रंगाऱ्याच्या उपयोगाचा’ असा आहे. पश्चिम आशियातून हे पीक पूर्वेस भारत, चीन व जपान येथपर्यंत पोहोचले. जपानमध्ये तिच्या तांबड्या रंगद्रव्यापासून ओठांना लावण्याचा रंग बनवीत.

भारतात हे पीक प्राचीन काळापासून ज्ञात आहे. संस्कृत साहित्यातील ‘कुसुंभ’ हा शब्द प्रामुख्याने रंगाशी निगडित आहे. कालिदासाच्या ऋतुसंहार ह्या काव्यातील वसंतवर्णनात कुसुंभाने रंगविलेल्या वस्त्रांचा उल्लेख येतो. तेलाविषयी मात्र वैद्यकाचे मत प्रतिकूल होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हितकर व अहितकर आहारद्रव्यांची जी गणना केली आहे, तीत वनस्पतिज स्नेहांपैकी तिळाचे तेल श्रेष्ठ, तर कुसुंभाचे तेल सर्वांत अहितकर मानले आहे. विसाव्या शतकात हेच तेल हृदयविकाराच्या संदर्भात हितकर म्हणून विकले जावे, हा मतपरिवर्तनाचा एक लक्षणीय दाखला होय.

रंगाचे पीक : करडईच्या पाकळ्यांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. पिवळे रंगद्रव्य पाण्यात सहज विरघळते व कच्चे असते. कार्थॅमीन हे तांबडे रंगद्रव्य साध्या पाण्यात विरघळत नाही. ते अल्कधर्मी पाण्यात उतरते. रंगाऱ्यांची पद्धत ह्या गुणधर्मांवर आधारलेली होती. वाळविलेल्या पाकळ्या प्रथम पाण्याने वारंवार धुऊन त्यांतील पिवळा रंग काढून टाकीत. उरलेल्या चोथ्यात सज्जीखार मिसळून त्यातून तांबडा अर्क काढीत. ह्या अर्कात लिंबाचा रस किंवा तत्सम आंबट पदार्थ घातला की रंग सुती कापडावर बसत असे. तुरटीसारखे रंगबंधक वापरावे न लागता सुतावर तांबडा रंग चढविता येणे, हे ह्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. पाकळ्यांचे प्रमाण व डुबांची संख्या यांनुसार फिक्या गुलाबीपासून गडद तांबड्यापर्यंत छटा मिळत. पिवळ्या फुलातून तांबडा रंग काढण्याच्या ह्या कौशल्यामुळेच ‘कुसुंबी’ हे विशेषण मराठीत तांबड्या रंगाचे वाचक बनले.

हा रंग आकर्षक असला तरी पक्का नव्हता. ऊन, साबण व खार यांनी तो उतरत असे आणि वस्त्र पुन्हा रंगवून घ्यावे लागे. रंगाऱ्यांच्या व्यवसायाला त्यामुळे सातत्य मिळाले, परंतु टिकाऊ व स्वस्त पर्याय येताच हा दोष घातक ठरला. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन यांनी डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यातून पहिला कृत्रिम रंग तयार केला. लवकरच मॅजेंटा व इतर कृत्रिम तांबडे रंग बाजारात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ते भारतीय बाजारपेठांत सर्वत्र पसरले. ढाक्याच्या परिसरातील कुसुंभ युरोपच्या बाजारपेठेत उत्तम समजला जाई. तो निर्यात व्यापारही त्यामुळे संपुष्टात आला.

ह्या बदलाचा एक परिणाम पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. करडईचे काटेरी व बिनकाटेरी असे दोन्ही प्रकार भारतात होते. फुले एकेक करून हाताने खुडावी लागत असल्याने रंगासाठी सामान्यतः बिनकाटेरी प्रकार पसंत केले जात. तेलासाठी काटेरी प्रकार अधिक योग्य मानीत. त्यांच्या बियांत तेल अधिक असे आणि जनावरेही त्यांना तोंड लावीत नसत. रंगाचा व्यापार बुडाल्यावर बिनकाटेरी करडई पेरण्याचे कारण उरले नाही आणि शेतात काटेरी करडईच प्रामुख्याने राहिली. शंभर वर्षांनंतर संशोधकांना बिनकाटेरी प्रकाराकडे पुन्हा वळावे लागले, त्याचे मूळ येथे आहे.

तेलाचे पीक : महाराष्ट्राच्या पठारी भागात रंगापेक्षा तेलाचा उपयोग अधिक रूढ होता. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये करडईचा निर्देश जिल्ह्याच्या पूर्व भागातील रब्बी पीक म्हणून आढळतो. त्या काळी ती स्वतंत्रपणे क्वचित व मिश्र पीक म्हणून अधिक घेतली जाई. रब्बी ज्वारी, गहू वा हरभरा यांच्या ठराविक ओळींनंतर करडईचे एक-दोन तास पेरीत, तसेच शेताच्या कडेनेही तिच्या ओळी घालीत. काटेरी झाडांची ही कड भटक्या गुरांना आतल्या पिकात शिरू देत नसे. कुंपणाला वेगळा खर्च न करता पिकाचे रक्षण होई आणि घरच्या तेलाची सोयही होई. ज्वारीची मुळे व करडईचे सोटमूळ जमिनीच्या वेगवेगळ्या थरांतील ओल घेत असल्याने पाऊस कमी झाला, तरी दोहोंपैकी एक पीक हाती लागण्याची शक्यता राहत असे. मिश्र पेरणीची ही प्रथा म्हणजे अवर्षणाविरुद्धचा एक प्रकारचा विमाच होता.

बी गावातील तेल्याच्या लाकडी घाण्यावर गाळून घेत. तेल स्वयंपाकासाठी, तर पेंड खतासाठी व जनावरांच्या खाद्यासाठी वापरीत. सालीसकट गाळलेल्या बियांच्या पेंडीत चोथ्याचे प्रमाण फार असल्याने ती मुख्यतः खताच्या उपयोगाची ठरे. बी मडक्यात घालून उष्णतेने काढलेले काळे, चिकट तेल खाण्याजोगे नसे. ते मोटेचे कातडे व दोरखंड पाण्याने कुजू नयेत म्हणून त्यांना चोळीत. विहिरीवरच्या मोटा गेल्या आणि तेलाचा हा उपयोगही लुप्त झाला.

करडईच्या तेलात लिनोलीक आम्लाचे प्रमाण ७० ते ७८ टक्क्यांपर्यंत असते. ह्या आम्लामुळे तेलाचा पातळ थर हवेत सुकून त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून रंग व व्हार्निश यांच्या उद्योगात त्याला मागणी आली. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, १९५० नंतर ह्या पिकाचा व्यापारी प्रसार झाला तो प्रथम ह्याच उद्योगासाठी. त्याच सुमारास आहारातील असंपृक्त वसाम्ले व रक्तातील कोलेस्टेरॉल यांच्या संबंधाचा अभ्यास पुढे आला आणि करडईच्या तेलाकडे आहारद्रव्य म्हणून नव्याने पाहिले जाऊ लागले. भारतात मुंबईच्या बाँबे ऑईल इंडस्ट्रीज ह्या कंपनीने ‘सफोला’ ह्या नावाने शुद्धीकृत करडई तेल बाजारात आणले. खेड्यातील घाण्यावरचे तेल अशा रीतीने शहरी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात डबाबंद स्वरूपात पोहोचले. पुढील काळात ह्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बहुतेक तेलांत भाताच्या कोंड्याचे व इतर तेलांचे मिश्रण आले आणि शुद्ध करडई तेलाची मागणी त्या प्रमाणात घटली.

संशोधन : करडईच्या शास्त्रीय अभ्यासाचा भारतातील आरंभ बिहारमधील पुसा येथील संस्थेत झाला. अल्बर्ट हॉवर्ड, गॅब्रिएल हॉवर्ड व अब्दुर रहमान खान यांनी १९१५ साली करडई व मोहरी ह्या तेलबियांवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. मिश्र स्वरूपातील स्थानिक पिकांतून शुद्ध प्रकार वेगळे काढणे, हे त्या काळातील कामाचे सूत्र होते.

महाराष्ट्रात ह्या पिकाचा अभ्यास कोरडवाहू शेतीच्या संशोधनाबरोबर वाढला. पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ साली कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि १९३३ साली सोलापूर येथे स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन झाले. सोलापूरच्या कामात ना. वि. कानिटकर यांचा वाटा मोठा होता. त्यांनी त्यापूर्वी हॅरल्ड मॅन यांच्या समवेत पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील जातेगाव बुद्रुक ह्या गावाची पाहणी केली होती; ती १९२१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याची आर्थिक स्थिती जवळून पाहिलेल्या अभ्यासकाने पुढे जमिनीतील ओल टिकविण्याच्या पद्धतींवर लक्ष केंद्रित करावे, हे स्वाभाविकच होते. बांधबंदिस्ती, खोल मशागत, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी ह्या ज्या पद्धती सोलापुरी प्रयोगांतून पुढे आल्या, त्या रब्बी ज्वारीबरोबरच करडईलाही लागू पडल्या.

स्वातंत्र्योत्तर काळात निफाड व नागपूर येथील केंद्रांतून निवड पद्धतीने काढलेले एन ६२-८ व नागपूर-७ यांसारखे वाण प्रसारित झाले. १९६७ साली अखिल भारतीय समन्वित तेलबिया संशोधन प्रकल्प सुरू झाला व सोलापूर हे करडई संशोधनाचे एक प्रमुख केंद्र बनले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सोलापूर केंद्राने १९८२ साली प्रसारित केलेला ‘भीमा’ हा वाण अवर्षणात टिकाव धरणारा असल्याने दीर्घकाळ लोकप्रिय राहिला. पुढे जळगाव केंद्राचा ‘गिरणा’, परभणीच्या कृषी विद्यापीठाचे ‘शारदा’ व ‘परभणी कुसुम’, तसेच ‘फुले कुसुमा’ हे वाण आले. १९९७ साली नरवंध्यत्वावर आधारलेले पहिले संकरित वाण भारतात प्रसारित झाले.

ह्याच संदर्भात एका आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीची नोंद केली पाहिजे. भारतातून अमेरिकेत नेलेल्या करडईच्या नमुन्यांत लिनोलीक आम्ल कमी व ओलेइक आम्ल अधिक असलेला एक प्रकार आढळला. ओलेइक आम्ल अधिक असलेले तेल तळणात व साठवणीत लवकर खराब होत नाही. पी. एफ. नोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण एका जनुकावर अवलंबून असल्याचे दाखविले आणि त्यावर आधारलेला ‘यूसी-१’ हा वाण १९६६ साली कॅलिफोर्नियात प्रसारित झाला. भारतीय बियाण्यातील गुणाचा व्यापारी लाभ प्रथम परदेशाने घेतला. भारतात अशा वाणांचे काम हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेत व इतरत्र पुष्कळ उशिरा फलद्रूप झाले.

लागवड : करडईला मध्यम ते भारी, ओल धरून ठेवणारी व पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. कोरडवाहू पिकाची पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करतात. त्याआधी पेरल्यास पानांवरील ठिपक्यांच्या रोगाचा, तर उशीर झाल्यास मावा किडीचा उपद्रव वाढतो. हेक्टरी १० ते १२ किग्रॅ. बियाणे दोन चाड्यांच्या पाभरीने पेरतात. दोन ओळींत ४५ सेंमी. व दोन रोपांत २० सेंमी. अंतर ठेवतात. उगवणीनंतर १० ते १५ दिवसांनी विरळणी करणे अत्यावश्यक असते. दाट पिकात ओलीसाठी स्पर्धा होऊन बोंडे लहान राहतात. कोरडवाहू पिकास हेक्टरी ५० किग्रॅ. नत्र व २५ किग्रॅ. स्फुरद पेरणीच्या वेळीच देतात. हरभऱ्याच्या सहा ओळींनंतर करडईच्या तीन ओळी, ही आंतरपिकाची शिफारस केलेली पद्धत आहे. कड घालण्याच्या जुन्या प्रथेचेच हे सुधारलेले रूप होय.

पाण्याची उपलब्धता असल्यास जमिनीला भेगा पडण्यापूर्वी एखादी संरक्षित पाळी दिल्याने उत्पन्न वाढते. परंतु पाणी साचलेले करडईला सोसत नाही. मुळे कुजून झाडे वाळतात. मर, पानांवरील ठिपके व तांबेरा हे मुख्य रोग, तर मावा ही सर्वांत हानिकारक कीड होय. मावा पाने व कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो आणि त्याने सोडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते.

पीक १२५ ते १४० दिवसांत तयार होते. काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करतात व ती पहाटे किंवा सकाळी लवकर उरकतात. हवेतील दमटपणामुळे त्या वेळी काटे काहीसे मऊ असतात आणि बोंडांतील दाणेही गळत नाहीत. मजूर हातापायांना फडकी गुंडाळून झाडे उपटतात किंवा कापतात व त्यांचे लहान ढीग घालतात. झाडे वाळल्यावर काठीने झोडपून किंवा बैलांच्या पायांखाली मळणी करीत. अलीकडे गव्हाच्या एकत्रित काढणी-मळणी यंत्राने हे काम होते. कोरडवाहू पिकाचे उत्पन्न जमिनीच्या खोलीनुसार हेक्टरी सामान्यतः ६ ते १२ क्विंटल येते.

क्षेत्राचा विस्तार : १९७२-७३ च्या दुष्काळानंतर कोरडवाहू शेतीकडे शासनाचे व संशोधकांचे लक्ष अधिक वेधले गेले. भुईमुगाचे पीक पावसाच्या लहरीवर अवलंबून राहिल्याने खाद्यतेलाची टंचाई वारंवार भासत होती. अशा स्थितीत, पावसाळा संपल्यावर केवळ जमिनीतील साठलेल्या ओलीवर येणाऱ्या करडईला अनुकूल भाव मिळू लागला. कडेच्या ओळींत असलेले पीक सलग पेरले जाऊ लागले. सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), परभणी, लातूर व नांदेड ह्या जिल्ह्यांत, तसेच पुणे, सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांत ते स्थिरावले. लगतच्या कर्नाटकातील विजयपूर, कलबुर्गी व बीदर ह्या भागांतही त्याचा प्रसार होता. १९८०–९० ह्या दशकात देशातील करडईचे क्षेत्र ९ ते १० लाख हेक्टरांच्या आसपास पोहोचले. त्यात महाराष्ट्राचा वाटा निम्म्याहून पुष्कळ अधिक होता.

क्षेत्राचा संकोच : १९८६ साली केंद्र शासनाने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. दहा वर्षांत देशातील तेलबियांचे एकूण उत्पादन सुमारे दुप्पट झाले व ‘पीतक्रांती’ हा शब्द रूढ झाला. परंतु ह्या वाढीचा मोठा भाग सोयाबीन, मोहरी व सूर्यफूल यांचा होता. ज्या पिकाचे फूल खऱ्या अर्थाने पिवळे व या मातीतले, ते पीक ह्याच काळापासून मागे पडू लागले. त्याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण पीकपद्धतीतील बदल. मराठवाडा व विदर्भ यांतील भारी जमिनी पूर्वी पावसाळ्यात मोकळ्या ठेवून रब्बीत पेरीत. सोयाबीन आल्यावर खरिपातच पीक घेतले जाऊ लागले. सोयाबीन काढून जमीन मोकळी होईपर्यंत करडईच्या पेरणीचा योग्य काळ बहुधा टळून जातो व जमिनीतील ओलही कमी झालेली असते. अशा जमिनीत हरभरा अधिक सोयीचा पडला. त्याला भाव बरा मिळाला आणि शासकीय खरेदीचा आधारही लाभला. दुसरे कारण सिंचन. जायकवाडी व उजनी यांसारख्या धरणांच्या लाभक्षेत्रांत ऊस व इतर बागायती पिके आली. करडईचा खरा गुण म्हणजे पाण्यावाचून तग धरणे. पाणी आले, तेथे ह्या गुणाला किंमत उरली नाही.

तिसरे कारण काटे. कुटुंबातील माणसे व सालगडी यांच्या बळावर जोवर शेती होत होती, तोवर काट्यांची काढणी निभावून नेली जाई. मजुरी रोखीने देण्याची वेळ आली, तेव्हा त्याच हंगामात ज्वारी व हरभऱ्याची कामे सोडून करडईला हात लावण्यास मजूर नाखूष झाले. ज्या काट्यांनी एके काळी कुंपणाची मजुरी वाचविली, त्यांनीच आता काढणीची मजुरी महाग केली. मोकाट गुरांची संख्या घटल्याने संरक्षक कडेचीही पूर्वीसारखी गरज राहिली नाही.

चौथे व कदाचित सर्वांत निर्णायक कारण बाजारपेठेचे. १९९४-९५ पासून खाद्यतेलांच्या आयातीवरील निर्बंध मोठ्या प्रमाणात उठविण्यात आले आणि आग्नेय आशियातील स्वस्त पामतेल देशात येऊ लागले. करडईचे तेल त्याच्याशी किमतीत स्पर्धा करू शकले नाही. गावोगावचे घाणे बंद पडले होते. मोठ्या गिरण्यांना एकाच प्रकारच्या बियांचा मोठा व सततचा पुरवठा हवा होता. तो सोयाबीनचा मिळू शकला, करडईचा नाही. क्षेत्र घटले म्हणून खरेदीदार कमी झाले आणि खरेदीदार कमी झाले म्हणून क्षेत्र आणखी घटले. २०२० च्या सुमारास देशातील करडईचे क्षेत्र एक लाख हेक्टरांच्याही खाली आले. ह्याच काळात देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयातीने भागविला जात होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या घसरणीचे गांभीर्य ध्यानात येते.

बिनकाटेरी वाण : काट्यांचा प्रश्न सोडविण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न सातारा जिल्ह्यातील फलटण येथे झाला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने करडईवर दीर्घकाळ काम केले. बिनकाटेरी प्रकारांत तेल व उत्पन्न कमी, ही जुनी अडचण होती. ती दूर करून ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण व ‘नारी-एनएच-१’ हा बिनकाटेरी संकरित वाण २००१ च्या सुमारास प्रसारित करण्यात आला.

काटे नसल्याने पाकळ्या हाताने खुडणे पुन्हा शक्य झाले. चीनमध्ये करडईच्या पाकळ्यांचा औषधात व चहासारख्या पेयात मोठा उपयोग होतो. नैसर्गिक रंगांनाही खाद्यपदार्थ व सौंदर्यप्रसाधने यांच्या उद्योगात नव्याने मागणी आहे. बी पक्व होताना कोमेजलेल्या पाकळ्या खुडल्यास बियांच्या उत्पन्नात फारशी घट येत नाही. म्हणून एकाच पिकातून तेल व पाकळ्या ही दोन उत्पन्ने घेता येतात. कृत्रिम रंगांमुळे जो व्यवसाय एकोणिसाव्या शतकात बंद पडला, त्याचा एक धागा येथे पुन्हा जोडला गेला. मात्र पाकळ्या खुडण्यास वेळ व माणसे फार लागतात. नियमित खरेदीची व्यवस्था असल्याशिवाय शेतकरी त्यात पडत नाही.

सद्यःस्थिती व महत्त्व : एकत्रित काढणी यंत्रामुळे काट्यांची अडचण पूर्वीइतकी तीव्र राहिलेली नाही. पुण्यासारख्या शहरांत लाकडी घाण्याच्या तेलाला अलीकडे ग्राहक मिळू लागला असून त्यात करडईच्या तेलाचाही समावेश आहे. ही मागणी मर्यादित आहे, परंतु त्यामुळे काही भागांत शेतकरी पुन्हा करडई पेरताना दिसतात. ५०० ते ७५० मिमी. पावसाच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, पेरणीनंतर पावसाचा थेंबही न पडता येणारे तेलबियांचे दुसरे पीक क्वचितच आढळते. पर्जन्यमानातील अनिश्चितता वाढत असताना ह्या गुणाचे मोल अधिकच आहे.

तथापि केवळ गुणांवर पीक टिकत नाही, हे करडईच्या इतिहासाने दोनदा दाखविले आहे. रंगाची मागणी संपली, तेव्हा जमीन तीच होती व रंगाऱ्याचे कौशल्यही तेच होते. तेलाची मागणी दुसरीकडे वळली, तेव्हा वाण पूर्वीपेक्षा चांगले होते व लागवडीचे तंत्रही सुधारलेले होते. दोन्ही वेळी शेतकऱ्याने पीक सोडले ते अज्ञानामुळे नव्हे, तर हिशेब करून. तो हिशेब बदलायचा, तर हमीभावाइतकीच प्रत्यक्ष खरेदीची, जवळच्या अंतरावर गाळपाची व शुद्ध तेलाच्या ओळखीची व्यवस्था आवश्यक आहे. बियाण्याचा साठाही जपला पाहिजे. बिनकाटेरी प्रकार निरुपयोगी ठरून शेतांतून हद्दपार झाले, तरी ते कुठे ना कुठे राखले गेले होते, म्हणूनच शंभर वर्षांनी त्यांचा उपयोग करता आला. आज ज्या स्थानिक प्रकारांना कोणी पेरीत नाही, त्यांच्याबाबत हीच दक्षता घेणे अगत्याचे आहे.